नोंद वाचणाऱ्यासाठी असते

रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ घटक, १.२ आले, तर प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर त्या आकड्यापुढे सहसा कोणतीही खूण नसते, कारण बहुतेक प्रयोगशाळा तो सामान्य मर्यादेत धरतात. मात्र याच रुग्णाचे क्रिएटिनिन दोन वर्षांपूर्वी ०.७ होते, गेल्या वर्षी ०.९ होते, आणि मधल्या काळात गुडघेदुखीसाठी तो रोज वेदनाशामक गोळी घेऊ लागला होता, ही माहिती एकाच पडद्यावर एकाखाली एक दिसली, की त्या आकड्याचा अर्थ पार बदलतो. क्रिएटिनिन आणि मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता यांचे नाते व्यस्त असल्यामुळे ०.७ वरून १.२ वर जाणे याचा अर्थ ती क्षमता ढोबळमानाने ४० टक्क्यांनी घटली असण्याची शक्यता आहे. हेच तीन रिपोर्ट तीन डॉक्टरांकडे सुटे राहिले असते, तर प्रत्येकाने आपल्या हातातल्या कागदाकडे पाहून सर्व ठीक आहे असेच सांगितले असते आणि त्यात कोणाचाही दोष नसता. मूत्रपिंडांना इजा करू शकणारी ती गोळी वेळेत थांबवता येते, ती कोणीतरी हे आकडे सलग वाचले म्हणून.

डॉक्टर म्हणून काम करताना इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय नोंदींचे जे मोल मला सर्वाधिक जाणवते, ते या सलग वाचण्यात आहे. त्यांच्याविषयीची चर्चा मात्र प्रामुख्याने लिहिण्याभोवती फिरते: किती रुग्णालये संगणकावर आली, किती रकाने भरले गेले, कागद किती वाचला, डॉक्टरांचा किती वेळ कळफलकावर गेला. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण ते दुसऱ्या क्रमांकाचे आहेत. नोंद लिहिणारा बहुधा एक असतो आणि तो ती एकदाच लिहितो. वाचणारे अनेक असतात. रात्रपाळीचा निवासी डॉक्टर, औषध देणारी परिचारिका, फार्मासिस्ट, दुसऱ्या रुग्णालयातला तज्ज्ञ, दहा वर्षांनी त्याच रुग्णाला प्रथमच पाहणारा एखादा अनोळखी डॉक्टर आणि स्वतः रुग्ण, या सगळ्यांना ती वाचायची असते. यांपैकी प्रत्येकाला हवे ते, हवे तेव्हा, शोधाशोध न करता सापडते का, या कसोटीवर कोणतीही प्रणाली तपासावी असे माझे ठाम मत आहे, आणि आज वापरात असलेल्या कित्येक प्रणाली त्या कसोटीला उतरत नाहीत याची मला मनापासून खंत वाटते.

ही कसोटी मी शोधून काढलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक रुग्णालयांत प्रत्येक डॉक्टर आपली स्वतंत्र वही ठेवत असे, त्यामुळे रुग्णाची हकिगत त्याने ज्यांना ज्यांना दाखवले त्या सगळ्यांच्या वह्यांत विखुरलेली असे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर यांनी १९०७ साली प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक आणि त्याच्या सर्व कागदांसाठी एकच फाइल अशी पद्धत सुरू केली. आज ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की तिचा कोणी शोध लावला असेल हेच ध्यानात येत नाही, पण डॉक्टरच्या वहीकडून रुग्णाच्या फाइलकडे झालेले हे संक्रमण नसते, तर पुढे संगणकावर चढवण्याजोगे काही हातातच आले नसते.

त्यानंतरचे मोठे नाव लॉरेन्स वीड यांचे. १९६८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी केसपेपरची मांडणीच बदलावी असा आग्रह धरला. तोवर कागद आले त्या ठिकाणानुसार लावले जात, म्हणजे प्रयोगशाळेचे एकत्र, क्ष-किरण विभागाचे एकत्र, परिचारिकांचे एकत्र. आणि या रुग्णाला नेमके झाले आहे काय, हे कळण्यासाठी वाचणाऱ्याला सगळा गठ्ठा उलथापालथा करावा लागे. वीड यांनी सांगितले की प्रथम रुग्णाच्या समस्यांची क्रमवार यादी करा आणि प्रत्येक टिपण त्यांपैकी कोणत्या तरी समस्येखाली लिहा: रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळले, त्यावरून आपला निष्कर्ष काय आणि पुढे काय करायचे. वैद्यकीय विद्यार्थ्यांना आजही टिपण लिहायला शिकवतात ते याच चार पायऱ्यांनी. या मांडणीमागचा हेतू मला फार मोलाचा वाटतो. डॉक्टरने काय केले एवढेच नव्हे, तर त्याने तसे का ठरवले हेही दुसऱ्या डॉक्टरला कागदावर दिसले पाहिजे, म्हणजे विचारात चूक असेल तर ती पकडता येईल, असे वीड यांचे म्हणणे होते. पुढे व्हर्माँट विद्यापीठात त्यांनी याच तत्त्वावर संगणकीय प्रणालीही उभारली, आणि तीत पडद्याला बोट लावून पर्याय निवडण्याची सोय १९७० च्या दशकातच होती.

त्याच दशकात इंडियानापोलिसमधील रेगेनस्ट्रीफ संस्थेत क्लेमंट मॅकडॉनल्ड यांनी एक साधा प्रयोग केला. रुग्णाच्या नोंदी संगणकाने आधी वाचायच्या आणि काही राहून गेले असेल, उदाहरणार्थ एखाद्या औषधावर असलेल्या रुग्णाची त्या औषधासाठी आवश्यक असणारी रक्ततपासणी झालेली नसेल, तर तशी सूचना छापून ती भेटीच्या वेळी डॉक्टरच्या हाती द्यायची. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशी सूचना मिळाली तेव्हा डॉक्टरांनी ५१ टक्के प्रसंगी योग्य ती कृती केली, न मिळाली तेव्हा केवळ २२ टक्के प्रसंगी. डॉक्टर तेच होते आणि त्यांचे ज्ञानही तेच होते. मॅकडॉनल्ड यांनी काढलेला निष्कर्ष असा की हा अज्ञानाचा परिणाम नाही. माहितीचा ओघ इतका मोठा असतो की माणसाच्या नजरेतून काही ना काही निसटणारच. संगणकाने डॉक्टरऐवजी विचार करावा अशी येथे कोणाची अपेक्षा नव्हती. वाचताना निसटणारे त्याने समोर आणून ठेवावे, एवढेच त्याच्याकडून मागितले होते आणि तेवढे त्याने केले.

मग फाटा फुटला कुठे? माझ्या मते, नोंदींचा खर्च जो उचलतो त्याच्या सोयीने त्यांची रचना होऊ लागली तेव्हा. अमेरिकेने २००९ साली कायदा करून संगणकीय नोंदी स्वीकारणाऱ्या रुग्णालयांना आणि डॉक्टरांना अब्जावधी डॉलरचे प्रोत्साहन दिले. २००८ साली तेथील दर दहा रुग्णालयांपैकी जेमतेम एकाकडे प्राथमिक स्वरूपाची अशी प्रणाली होती. २०१५ पर्यंत हे प्रमाण दहांपैकी आठांच्या वर गेले. इतक्या थोड्या काळात इतका बदल वैद्यकक्षेत्रात क्वचितच घडतो. परंतु प्रोत्साहन मिळवण्यासाठी ठराविक गोष्टी नोंदवल्याचे सिद्ध करावे लागे, आणि विम्याचे पैसे तर आधीपासूनच टिपणात काय काय लिहिले आहे यावर ठरत असत. परिणामी भेटीच्या नोंदीत बिलासाठी लागणारा मजकूर, कायदेशीर बचावासाठी लागणारा मजकूर आणि गुणवत्तेच्या अहवालासाठी लागणारे रकाने यांची भर पडत गेली, आणि पुढच्या डॉक्टरला हवे असलेले दोन परिच्छेद त्यांच्या तळाशी गेले. ज्या देशांनी या प्रणाली नंतर स्वीकारल्या, त्यांनी बहुधा हा साचाही सोबत घेतला.

लिहिण्याचा भार किती वाढला याची कल्पना २०१६ साली ‘अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून येते. ५७ डॉक्टरांच्या कामाचे प्रत्यक्ष निरीक्षण करून केलेल्या या अभ्यासात असे दिसले की रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळपास दोन तास संगणकीय नोंदी आणि टेबलावरच्या इतर कामात जात होते. भार असह्य झाला की माणूस आडवाट शोधतो, आणि इथली आडवाट म्हणजे कालचे टिपण उचलून आज चिकटवणे. २०१७ साली अमेरिकेतील एका विद्यापीठ रुग्णालयाने आपल्या वीस हजारांहून अधिक दैनंदिन टिपणांतील अक्षरे कोठून आली ते तपासले, तेव्हा ४६ टक्के मजकूर आधीच्या टिपणांतून चिकटवलेला, ३६ टक्के प्रणालीने आपोआप ओढून आणलेला आणि फक्त १८ टक्के त्या दिवशी प्रत्यक्ष लिहिलेला निघाला.

चिकटवलेल्या वाक्याचे पुढे काय होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, पहिल्या दिवशी निवासी डॉक्टरने लिहिले: ‘डाव्या पायाला सूज, डीप व्हेन थ्रॉम्बोसिसची शंका, डॉप्लर करायची आहे.’ म्हणजे पायाच्या खोल रक्तवाहिनीत गुठळी झाल्याची शंका होती आणि ती सोनोग्राफीने तपासायची होती. तिसऱ्या दिवशी डॉप्लर झाली आणि रक्तवाहिनीत गुठळी नसल्याचे स्पष्ट झाले. तो रिपोर्ट क्ष-किरण विभागाच्या पानावर नीट नोंदला गेला, पण रोजच्या टिपणातले जुने वाक्य चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशीही तसेच उतरत राहिले. डिस्चार्ज समरी घाईत तयार झाली, तेव्हा मजकूर आटोपशीर करताना ‘शंका’ आणि ‘डॉप्लर’ दोन्ही गळाले आणि निदानांच्या यादीत ‘डावा पाय, डीप व्हेन थ्रॉम्बोसिस’ एवढेच राहिले. सहा महिन्यांनी दुसऱ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाने ती समरी वाचली आणि रुग्णाला पूर्वी गुठळी झाली होती असे गृहीत धरून रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा बेत आखला. या साखळीत खोटे कोणीही लिहिलेले नाही. वॉर्डात काम केलेल्या कोणालाही ही साखळी अनोळखी वाटणार नाही, आणि कागदाच्या काळात ती इतकी सहज घडत नसे, कारण तेच वाक्य सहा वेळा हाताने लिहिण्याचा कंटाळा हाच तिथला पहारेकरी होता.

रकान्यांविषयीही असेच म्हणावे लागते. पर्यायांच्या यादीतून निवडलेली माहिती मोजता येते, शोधता येते, तिचा आलेख काढता येतो, हे खरेच आहे. क्रिएटिनिनचा चढ दिसतो तो त्यामुळेच. पण प्रत्येक भेटीत साखर वाढलेली आढळते, प्रत्येक वेळी इन्सुलिनची मात्रा वाढवली जाते आणि तरीही साखर हटत नाही, अशा रुग्णाच्या नोंदीत सर्वांत उपयोगी वाक्य कदाचित हे असते: ‘एकटे राहतात, मोतीबिंदूमुळे सुईवरच्या रेघा दिसत नाहीत, अंदाजाने मात्रा भरतात.’ यासाठी कोणत्याही यादीत पर्याय नसतो. हे वाक्य कोणी लिहिले तरच पुढचा डॉक्टर मात्रा वाढवण्याऐवजी डोळे तपासायला पाठवील. म्हणून मोकळ्या मजकुराची जागा आखडती घेणाऱ्या आणि ती चौथ्या-पाचव्या पानावर ढकलणाऱ्या प्रणालींना माझा विरोध आहे, त्या कितीही झटपट भरता येत असल्या तरी.

संगणकाच्या इशाऱ्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. २०१३ साली अमेरिकेतील एका रुग्णालयात १६ वर्षांच्या मुलाला कोट्रायमॉक्साझोल या प्रतिजैविकाची एक गोळी द्यायची होती आणि प्रत्यक्षात साडेअडतीस गोळ्या दिल्या गेल्या. ही घटना पुढे जाहीरपणे मांडली गेली आणि तिचा टप्प्याटप्प्याने अभ्यास झाला, हे त्या रुग्णालयाचे मोठेपण. मुलाचे वजन ३८.६ किलो होते. डॉक्टरने आधी वजनाच्या हिशेबाने मात्रा लिहिली. ती १९३ मिलिग्रॅम भरली. एवढ्या मात्रेची गोळी नसल्यामुळे फार्मासिस्टने ती १६० करून पुन्हा लिहायला सांगितले. डॉक्टरने रकान्यात १६० लिहिले, पण शेजारचे एकक अजूनही ‘मिलिग्रॅम प्रति किलो’ असेच होते. प्रणालीने निमूटपणे १६० ला वजनाने गुणले. धोक्याचा इशारा डॉक्टरला दिसला आणि फार्मासिस्टलाही दिसला. रोजच्या असंख्य निरर्थक इशाऱ्यांसारखाच तो दिसत होता आणि दोघांनीही तो बाजूला सारला. औषधे भरणाऱ्या यंत्रमानवाने गोळ्या अचूक मोजून पाकिटात भरल्या. परिचारिकेच्या मनात शंका आली, पण बारकोड तपासल्यावर पडद्याने मात्रा बरोबर असल्याची ग्वाही दिली. मुलाला आकडी आली. सुदैवाने तो वाचला.

एक माणूस आणि एक कागद असता, तर ‘साडेअडतीस गोळ्या’ हे शब्द वाचताच तो थबकला असता. येथे चार ठिकाणी तपासणी होती आणि प्रत्येक ठिकाणच्या माणसाला आधीच्या ठिकाणच्या यंत्रावर विश्वास होता. औषधविषयक इशारे डॉक्टर किती वेळा ओलांडून पुढे जातात याचा आढावा २००६ साली घेतला गेला, तेव्हा निरनिराळ्या अभ्यासांत हे प्रमाण ४९ पासून ९६ टक्क्यांपर्यंत आढळले होते. मॅकडॉनल्ड यांच्या सूचना उपयोगी पडल्या, कारण त्या त्या रुग्णाशी थेट संबंधित होत्या. किरकोळ शक्यता आणि जिवावर बेतणारी चूक यांना एकाच रंगाची, एकाच आकाराची खिडकी देणारी प्रणाली डॉक्टरला न वाचण्याची सवय लावते. रुग्णालयाने प्रत्येक इशारा किती वेळा ओलांडला जातो याची दरमहा मोजदाद करावी आणि जो जवळपास नेहमीच ओलांडला जातो तो बंद करावा किंवा बदलावा, ही मागणी डॉक्टरांनी हट्टाने लावून धरायला हवी. बारकोडच्या विरोधात मात्र मी नाही. २०१० साली बॉस्टनमधील एका रुग्णालयाच्या अभ्यासात बारकोड तपासणी सुरू केल्यावर औषध देण्यातील चुका, वेळेच्या चुका वगळता, ४१ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. बारकोड हा ऑर्डरप्रमाणे औषध दिले जात आहे का एवढेच सांगतो. ऑर्डर शहाणपणाची आहे का, हे वाचणाऱ्या माणसानेच ठरवायचे असते.

आता नोंद एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जाण्याविषयी. सुरुवातीच्याच आकड्याचे पाहा. १.२ हा आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात आहे. ज्या देशांत मायक्रोमोल प्रति लिटर हे एकक वापरतात, तेथील रिपोर्टवर तेच क्रिएटिनिन १०६ असे छापले जाते. एका प्रयोगशाळेत तपासणीचे नाव ‘सीरम क्रिएटिनिन’, दुसरीत नुसते ‘क्रिएट’, तिसरीत आणखी काही. माणसाला हे कळते. संगणकाला कळण्यासाठी प्रत्येक तपासणीला एक सर्वमान्य संकेतांक आणि प्रत्येक आकड्याला त्याचे एकक जोडलेले लागते. तपासण्यांसाठी असे संकेतांक ‘लॉइंक’ या नावाने १९९४ पासून तयार होत आहेत, आणि त्यांची सुरुवातही रेगेनस्ट्रीफ संस्थेतच झाली. निदाने आणि लक्षणे यांच्यासाठी ‘स्नोमेड सीटी’ आहे. आणि एका प्रणालीने दुसरीला माहिती कशी पाठवायची याचे नियम ‘एचएल-सेव्हन’ ही संघटना १९८७ पासून ठरवत आली आहे. तिच्याच छत्राखाली ग्रॅहम ग्रीव्ह यांनी २०११ च्या सुमारास मांडलेला ‘फायर’ हा मानक आज जगभर रुळला आहे, कारण इंटरनेटवरील इतर सेवा ज्या पद्धतीने एकमेकींशी बोलतात तीच पद्धत त्याने वैद्यकीय माहितीसाठी वापरली.

थोडक्यात, साधने उपलब्ध आहेत. तरीही रुग्णाच्या हाती बरेचदा पडते ते रिपोर्टचे छायाचित्र किंवा पीडीएफ, जे डोळ्यांनी वाचता येते, पण आधीच्या आकड्यांच्या ओळीत आपोआप जाऊन बसत नाही. याचे कारण तांत्रिक कमी आणि व्यावहारिक अधिक आहे: ज्याच्याकडे नोंदी आहेत त्याच्याकडे रुग्ण टिकतो, त्यामुळे नोंदी मोकळ्या करण्याची घाई ना रुग्णालयाला असते ना सॉफ्टवेअर विकणाऱ्याला. अमेरिकेला २०१६ साली माहिती अडवून धरण्याविरुद्ध कायदा करावा लागला, यातच सगळे आले. नवी प्रणाली घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने खरेदीपूर्वी विक्रेत्याला एकच प्रात्यक्षिक मागावे असे मी सुचवीन: एका रुग्णाची संपूर्ण नोंद बाहेर काढून दुसऱ्याच कंपनीच्या प्रणालीत आत्ता, आमच्यासमोर, वाचून दाखवा.

नोंदी सलग वाचण्याचा लाभ एका रुग्णापुरता राहत नाही. अमेरिकेतील फ्लिंट शहराने २०१४ साली पिण्याच्या पाण्याचा स्रोत बदलला, तेव्हा पाणी सुरक्षित असल्याचे अधिकारी सांगत राहिले. मोना हॅना-अतिशा या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी रुग्णालयाच्या संगणकीय नोंदींतून लहान मुलांच्या रक्तातील शिशाचे आकडे काढले आणि बदलाआधीचे व नंतरचे शेजारी मांडले. शिसे वाढलेल्या मुलांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेले होते. ते आकडे आधीपासून तिथेच होते. प्रत्येक मुलाच्या स्वतंत्र फाइलमध्ये ते जवळजवळ मुके होते. रोफेकॉक्सिब या वेदनाशामकामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो या निष्कर्षाला बळ मिळाले तेही कायझर पर्मनंटे या अमेरिकी आरोग्यसेवा संस्थेच्या सुमारे १४ लाख सदस्यांच्या नोंदी एकत्र अभ्यासल्यामुळे.

अर्थात ज्यांनी वाचू नये तेही वाचू शकतात, आणि या भीतीला मी कमी लेखत नाही. फिनलंडमधील एका मानसोपचार केंद्राच्या चोरलेल्या नोंदींवरून २०२० साली थेट रुग्णांनाच खंडणीसाठी धमकावले गेले. समुपदेशकाला विश्वासाने सांगितलेले शब्द अनोळखी माणसाच्या हाती पडणे याची भरपाई कशानेही होत नाही. कपाट लुटणाऱ्याला कागदाच्या काळात काही फाइली मिळत, आज एका रात्रीत हजारो माणसांची माहिती जाते. पण या भीतीवरचा उपाय कुलपापुरता मर्यादित नसावा. एस्टोनियात २००८ पासून देशव्यापी आरोग्य नोंदी आहेत आणि आपली नोंद कोणी आणि केव्हा उघडली हे तेथील नागरिकाला स्वतः पाहता येते. विनाकारण डोकावणाऱ्या कर्मचाऱ्याला जरब बसते ती यामुळे. प्रणाली बंद पडण्याचा धोकाही खरा आहे. संगणक कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या सॉफ्टवेअरच्या मे २०१७ मधील हल्ल्यात इंग्लंडमधील हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. म्हणून प्रत्येक वॉर्डात चालू औषधांची आणि ऍलर्जींची ताजी यादी जाळ्यापासून सुट्या संगणकावर ठेवलीच पाहिजे. उलट २००५ साली कत्रिना वादळात न्यू ऑर्लिन्समधील कागदी फाइली पाण्यात गेल्या, तेव्हा माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या संगणकीय नोंदी मात्र दूरच्या शहरांतील डॉक्टरांना वाचता आल्या.

सर्वांत दुर्लक्षित वाचक म्हणजे रुग्ण. २०१० साली अमेरिकेत तीन ठिकाणच्या १०५ डॉक्टरांनी आपली टिपणे रुग्णांना वाचायला खुली करण्याचा प्रयोग केला. रुग्ण घाबरतील, प्रश्नांचा पाऊस पडेल, डॉक्टरांना मोकळेपणाने लिहिता येणार नाही, असे आधी बोलले जात होते. वर्षअखेरीस ९९ टक्के रुग्णांना ही सोय चालू राहावी असे वाटले आणि एकाही डॉक्टरने ती बंद केली नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत तर टिपणे वाचणाऱ्या दर पाच रुग्णांपैकी एकाने त्यात चूक सापडल्याचे सांगितले, आणि त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना ती गंभीर वाटली. डाव्या पायाच्या न झालेल्या गुठळीची नोंद पुसायला सर्वांत योग्य माणूस तोच आहे, ज्याचा तो पाय आहे.

अलीकडे डॉक्टर-रुग्णांचे संभाषण ऐकून टिपण आपोआप तयार करणारी सॉफ्टवेअर येत आहेत. त्यांच्यामुळे डॉक्टरची नजर पडद्यावरून पुन्हा रुग्णाच्या चेहऱ्याकडे वळणार असेल, तर मला त्याचा मनापासून आनंद आहे. परंतु लिहिणे फुकट झाले की मजकूर वाढतो, हे चिकटवण्याच्या सवयीने एकदा दाखवून दिले आहे. तयार झालेले टिपण सही करण्यापूर्वी डॉक्टर खरोखर वाचतो का, आणि चाळीस भेटींच्या अशा टिपणांतून पुढच्या डॉक्टरला दोन मिनिटांत रुग्ण कळतो का, हे या सॉफ्टवेअरविषयी पहिल्यांदा विचारायला हवे.

वाचकांपैकी ज्यांना आपली नोंद पाहण्याची सोय उपलब्ध आहे, त्यांनी तीन याद्या अवश्य वाचाव्यात: निदानांची, चालू औषधांची आणि ऍलर्जींची. ऍलर्जीची यादी आधी वाचावी. सुमारे १० टक्के लोकांच्या नोंदीत पेनिसिलिनची ऍलर्जी लिहिलेली असते आणि रीतसर तपासणी केली तर त्यांपैकी १० मधील ९ जणांना किंवा त्याहून अधिक जणांना ती नसल्याचे दिसते. लहानपणी तापात दिलेल्या औषधानंतर अंगावर पुरळ आले, ते तापाचे होते की औषधाचे हे कोणी पाहिले नाही आणि शिक्का बसला; किंवा पोटात मळमळले, हा दुष्परिणाम होता, तरी रकाना एकच असल्याने तोही ऍलर्जी म्हणून नोंदला गेला. त्या शिक्क्यामुळे पुढे आयुष्यभर साध्या, परिणामकारक औषधाऐवजी अधिक व्यापक आणि कधी अधिक त्रासदायक प्रतिजैविके द्यावी लागतात. तेव्हा नोंदीत पेनिसिलिन दिसले, तर नेमके काय झाले होते, केव्हा, किती वेळाने आणि कोणी पाहिले, हे डॉक्टरांना सांगावे आणि तपासणी करता येईल का ते विचारावे. श्वास कोंडला होता किंवा चेहरा सुजला होता असे असेल, तर घरी प्रयोग अजिबात करू नये. तपासणीत ऍलर्जी नसल्याचे ठरले, तर तो रिपोर्ट जपून ठेवावा आणि ही नोंद केवळ या रुग्णालयातून नव्हे, तर नेहमीच्या डॉक्टरांकडून, औषधांच्या दुकानातून आणि जुन्या रुग्णालयातूनही काढली गेली का याची स्वतः खातरजमा करावी, कारण एका ठिकाणी राहून गेलेला शिक्का पुढच्या भेटीत बाकीच्या ठिकाणी पुन्हा उतरतो.